घरात मनाच्या आजाराची गोळी चालू झाली तर ती कशी सांभाळायची

ओलॅन्झापिन, रिस्पेरिडॉन, क्विटायपिन, ॲरिपिप्राझोल, क्लोझापिन, यातलं एखादं नाव तुमच्या घरच्या चिठ्ठीवर असेल तर हे वाचा. मी डॉक्टर नाही. आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, स्किझोफ्रेनिया आहे आणि लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्या गोळ्यांचं सगळं माझ्याकडे आहे. कोणती गोळी आणि किती एमजी हे डॉक्टरनंच ठरवायचं, त्यात आपण हात घालायचा नाही. पण डॉक्टरची भेट महिन्यातून एकदा दहा मिनिटं, बाकीचा महिना गोळी आपल्या घरात असते, चुलीपाशी, शेतात, उन्हात, लग्नात, आणि ती लागू पडते की वाया जाते हे बरंचसं तिथंच ठरते.

आधी ही गोळी काय करते ते नीट समजून घ्या, कारण समजलं की घरचे भांडत नाहीत. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असते, ते चार वेगवेगळ्या वाटांनी फिरते. एका वाटेवर ते जास्त झालं की माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर करणी करून राहिला, जेवणात काहीतरी टाकून राहिला असं पक्कं वाटायला लागते. दुसऱ्या एका वाटेवर तेच डोपामिन हातापायाची हालचाल सांभाळते. जुन्या गोळ्या, हॅलोपेरिडॉलसारख्या, म्हणजे विहिरीवरचा मेन व्हॉल्व्हच बंद केल्यासारख्या, आवाज थांबतात पण हालचालीच्या वाटेचं पाणीही तुटते, मग माणूस ताठरतो, हात थरथरतात, तोंडातून लाळ गळते. नव्या पिढीच्या गोळ्या डोपामिन जिथं जाऊन बसते ती जागा अडवतातच, पण सोबत सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचीही एक जागा अडवतात, त्यामुळे हालचालीच्या वाटेवर डोपामिन थोडं मोकळं राहते, आणि क्लोझापिन, क्विटायपिनसारख्या काही तर डोपामिनच्या जागेवर ढिल्या बसतात आणि लवकर सुटतात. ॲरिपिप्राझोलचं आणखी वेगळं आहे, ती पूर्ण अडवत नाही, जास्त असेल तिथं कमी करते आणि कमी असेल तिथं थोडी भर घालते. म्हणून ताठरपणा या गोळ्यांनी कमी येतो. येतच नाही असं नाही, रिस्पेरिडॉनचा डोस चढवला की तीही जुन्यासारखीच वागते.

यातलीच एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. डोपामिनच्या या जागा साधारण ६५ टक्क्यांच्या वर अडल्या की बहुतेकांना फरक पडायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेल्या की ताठरपणा, थरथर सुरू होते. म्हणून "डॉक्टरसाहेब, डोस वाढवून द्या, लवकर बरा होऊ द्या" असा हट्ट धरू नका. जास्त गोळीनं जास्त लवकर बरं होत नाही, त्रास तेवढा वाढतो.

फरक कधी दिसतो? झोप आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात सुधारते. आवाज आणि संशय जायला वेळ लागतो, दोन आठवडे, चार आठवडे, कधी सहा-आठ आठवडे. आवाज एकदम बंद होत नाहीत, आधी लांब जातात, मग माणूसच म्हणतो की येतात पण मी लक्ष देत नाही. आमच्याकडं सासूबाई पहिल्याच पंधरवड्यात म्हणायच्या, "काही फायदा नाही होऊन राहिला, बाहेरचंच असन ते, त्याले भगताकडं नेऊ." देवाला जायचं तर खुशाल जा, माझं काहीच म्हणणं नाही, पण गोळी खिशात ठेवून जा आणि रात्री तिथंच द्या. आणि कुठंही साखळीनं बांधून ठेवायला सांगत असतील तर ऐकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे, तो गुन्हा आहे.

गोळीनं सगळंच सुधरेल ही आशाही धरू नका, उगाच त्या माणसावर राग निघतो. आवाज आणि संशय यावर ती चांगली चालते. पण कोपऱ्यात बसून राहणं, बोलणं कमी होणं, कशातच मन न लागणं, हे आजाराचंच दुसरं रूप आहे आणि त्यावर गोळीचा जोर कमी पडते. त्यासाठी हळूहळू काम लावावं लागते. भाऊजींना आम्ही आधी फक्त बैलांना पाणी दाखवायचं काम दिलं, मग कोठ्याची झाडझूड, मग डवऱ्यामागं. "आळशी झाला लेकाचा" असं चारचौघांत म्हणणं बंद करा, त्याला ते सगळं ऐकू येते आणि समजते.

रोजची पद्धत

वेळ एकच धरा. झोप आणणारी गोळी असेल, ओलॅन्झापिन, क्विटायपिन, क्लोझापिन, तर बहुतेक डॉक्टर रात्री देतात. आमच्याकडं जेवणं झाली की मी भांडी घासायच्या आधी डबा काढते, पट्टीतून गोळी त्यांच्या हातावरच काढू देते, पाण्याचा गिलास देते आणि समोर बसून चार गोष्टी बोलते, आज पऱ्हाटी किती उगवली, कोणाच्या घरी काय झालं. तेवढ्यात गोळी पोटात जाते. जिभेखाली ठेवून नंतर थुंकणारे असतात, म्हणून बोलायचं, "तोंड उघडून दाखव" असं पोलिसासारखं विचारायचं नाही. घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला टिक.

वरणात, भाजीत लपवून गोळी देऊ नका. अनेक घरांत देतात, मला माहीत आहे, आणि का देतात तेही कळते, नकार देणाऱ्या माणसासमोर आईबाप हतबल होतात. पण ज्याला आधीच संशय आहे की जेवणात काही कालवलं आहे, त्याला एक दिवस ताटात पांढरा कण सापडला की त्याचा संशय खरा ठरला, मग तो घरचं जेवणच सोडते. त्यापेक्षा डॉक्टरला सरळ सांगा की घेत नाही. जिभेवर ठेवली की विरघळणारी गोळी मिळते. महिन्याचं इंजेक्शनही आहे, पॅलिपेरिडॉनसारखं, ते दंडात किंवा कुल्ल्यावर देतात आणि रोजची कटकट संपते. महाग पडते, सरकारी दवाखान्यात आहे का ते आधी विचारा.

एखाद्या रात्री विसरली आणि त्याच रात्री उशिरा आठवलं तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर रोजच्या वेळी रोजचीच एक, दोन एकदम नाही. क्लोझापिनचा मात्र नियम वेगळा आहे, दोन दिवसांपेक्षा जास्त, म्हणजे ४८ तास सुटली तर जुना डोस आपल्या मनानं सुरू करायचा नाही, डॉक्टर ती पुन्हा १२.५ एमजीपासून चढवतात, एकदम पूर्ण डोस दिला तर बीपी घसरून माणूस पडू शकतो.

उपासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. श्रावण असो की नवरात्र, पाण्यासोबत गोळी घेतल्यानं उपास मोडत नाही. फक्त लुरासिडोन असेल तर ती भरल्या पोटीच लागते, निदान ३५० कॅलरीचं खाणं सोबत पाहिजे, नाही तर अंगी लागत नाही, तेव्हा नुसत्या चहावर ती देऊ नका.

पट्टी संपायच्या आठ दिवस आधी पुढची आणून ठेवा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी दोन-दोन दिवस येत नाही, आणि सोयाबीनच्या सोंगणीत घरचं कोणी मोकळं नसते, नेमक्या याच दिवसांत गोळ्या तुटतात. ठेवायच्या थंड जागी, टिनाच्या छपराखालच्या फळीवर नाही. या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, झेरॉक्स डब्यात.

आपल्याकडच्या खास गोष्टी

बिडी. बिडी-सिगारेटच्या धुरानं लिव्हर ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन लवकर मोडून टाकते, रक्तात औषध बरंच कमी राहते. म्हणजे दिवसाला बंडल ओढणाऱ्याला तोच डोस पुरत नाही. आणि उलटंही, दवाखान्यात भरती असताना बिडी सुटली की आठवडाभरात औषधाची पातळी चढते, माणूस दिवसभर गुंगीत राहते आणि घरचे घाबरतात. सोडली तर चांगलंच आहे, पण सोडताना आणि पुन्हा धरताना डॉक्टरला कळवा. खर्ऱ्याचा हा परिणाम नाही, कारण हे काम तंबाखूचं नसून धुराचं आहे. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो ते वेगळं, तेवढ्यासाठी तोही नकोच. मोहाची असो की देशी, दारू सोबत नको, गुंगीवर गुंगी चढते.

ऊन. हे मला सगळ्यात मोठ्यानं सांगायचं आहे. या गोळ्या शरीराची गरमी सांभाळायची यंत्रणा बिघडवतात, आणि थरथरीसाठी सोबत पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर घामही कमी येतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जाते. अशा माणसाला भर दुपारी काडीकचरा वेचायला, पऱ्हाट्या उपटायला पाठवायचं नाही. सकाळी दहापर्यंत आणि मग चारनंतर, डोक्याला ओला दुपट्टा, सोबत पाणी, घरी मठ्ठा नाहीतर कैरीचं पन्हं. तहान लागली म्हणून तो स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका, आपणच गिलास हातात द्या. सोबत लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारी गोळी, चालू असेल तर आणखी जपा, अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढून विषासारखं होते. अंग तापलं, घाम थांबला, बडबडायला लागला तर अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात.

जागली. डुकरं राखायला रात्री मचाणावर किंवा लाइन रात्रीची आहे म्हणून ओलिताला, यात घरातला हाच माणूस रिकामा म्हणून त्यालाच पाठवतात. पाठवू नका. गोळी घेऊन गेला तर तिथं गुंगीत पडेल, जवळ साप-विंचू, मोटरचा करंट. आणि जागता यावं म्हणून त्यानं गोळी चुकवली तर दुहेरी नुकसान, कारण झोप मोडणं हेच आजार उलटण्याचं एक मोठं कारण आहे. पहिले काही आठवडे गाडी आणि ट्रॅक्टरही नको.

फवारणीचं औषध कुलपात. या आजारात जीव द्यायचा विचार येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि कधी कधी तो बरा होत असताना, आपलं काय होऊन बसलं हे कळायला लागते तेव्हाच येते. डब्बा कोठ्यात उघडा ठेवायचा नाही. किल्ली दुसऱ्याकडं.

गावातल्या डॉक्टरकडं ताप-हगवणीसाठी गेलात तर आधी सांगा की या गोळ्या चालू आहेत. उलटीसाठी सर्रास देतात ते मेटोक्लोप्रामाइड हेही डोपामिनच अडवते, दोन्ही मिळून मान वाकडी होऊ शकते. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं तर क्लोझापिनची पातळी रक्तात खूप चढते, ओलॅन्झापिनचीही वाढते.

त्रास ओळखायचे कसे

मान एका बाजूला ओढली गेली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली, तर लोक म्हणतात अंगात आलं. हा गोळीचा किंवा इंजेक्शनचा परिणाम आहे, पहिल्या काही दिवसांत होतो, दवाखान्यात एका इंजेक्शननं थोड्या वेळात उतरतो. अंगारा लावत बसू नका.

दुसरं, माणूस बसूच शकत नाही. बसला की उठते, अंगणात येरझारा, उभा असला तरी पाय बदलत राहते, आतून कसंतरी होते म्हणते. घरच्यांना वाटते आजार वाढला, मग गोळी वाढवून मागतात, आणि गोळी वाढली की येरझारा आणखी वाढतात. ही बेचैनी गोळीची असते, ॲरिपिप्राझोलनं आणि रिस्पेरिडॉननं विशेष. डॉक्टरला नेमकं असंच सांगा, "आवाज कमी आहेत पण एका जागी बसवत नाही." डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन ते कमी करता येते. यात जीव नकोसा होतो लोकांना, म्हणून थांबू नका.

वजन. ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन यात सगळ्यात पुढं. भूक एवढी लागते की चार भाकरीवाला सहा खाते आणि वरून आलुबोंडे मागते, त्याच्या हाताबाहेरचं असते ते, हावरा म्हणू नका. भाकर ज्वारीचीच, चहातली साखर कमी, ताटात आधी भाजी-वरण, फरसाण घरात आणूच नका. गोळी सुरू होतानाच वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि चरबीची तपासणी करून घ्या, मग तीन महिन्यांनी, मग वर्षाला. घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० च्या वर गेला की सावध व्हा. एकाएकी खूप तहान आणि सारखी लघवी लागली तर आधी शुगर बघा. वजन फारच वाढत असेल तर डॉक्टर गोळी बदलू शकतात, ॲरिपिप्राझोल, लुरासिडोननं वजन कमी वाढते, काहींना मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जोडतात.

बायांसाठी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. रिस्पेरिडॉन, पॅलिपेरिडॉन, ॲमिसल्प्राइड यांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढते, त्यामुळे पाळी बंद होते, कधी मूल नसताना छातीतून दूध येते. पोरगी घाबरते, कुवार असेल तर घरचे नको तो संशय घेतात. हा गोळीचा परिणाम आहे, डॉक्टरला किंवा आशाताईला सांगा, गोळी बदलता येते. पाळी नाही म्हणून दिवस जाणारच नाहीत असं मात्र समजू नका. आणि दिवस गेले तर स्वतःहून गोळी तोडू नका, लगेच डॉक्टरला विचारा, आजार उलटला तर आई आणि पोट दोघांनाही धोका. पुरुषांनाही प्रोलॅक्टिननं नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते, लाजेनं बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. विचारलं तर सांगतात, म्हणून विचारा.

क्लोझापिन ही दोन गोळ्या करून पाहिल्या आणि फायदा झाला नाही तेव्हाची गोळी, आणि तिथं ती बाकी सगळ्यांपेक्षा भारी ठरते. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये तिच्यामुळं रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटून माणसं दगावली होती, म्हणून बऱ्याच देशांत ती बाजूला पडली, आणि पुढं अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झाली ती रक्ततपासणीच्या अटीवरच. म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला आणि पुढं महिन्याला रक्त, असं साधारण चालते. तालुक्याला जाऊन यायला रोजी बुडते, तरी चुकवू नका. ताप आला, घसा दुखला की त्याच दिवशी पेशी तपासा. पोट साफ होते का हे रोज विचारा, या गोळीची बद्धकोष्ठता आतडं बंद पाडण्यापर्यंत जाऊ शकते. पहिल्या एक-दोन महिन्यांत छाती दुखली, दम लागला तर तेही लगेच दाखवा.

आणि कोणत्याही गोळीवर, खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि माणूस भानावर नाही, हे तिन्ही सोबत दिसलं तर सकाळची वाट न बघता गाडी करा. घरात म्हाताऱ्यांना विसरभोळेपणाचा आजार असेल तर हीच गोळी झोपेसाठी म्हणून परस्पर देऊ नका, त्या वयात त्या आजारात या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो.

बरं वाटलं म्हणून बंद करायची का

नाही. सगळ्यात जास्त माणसं इथंच परत आजारी पडताना मी पाहिली. सहा महिने छान जातात, लग्नाची बोलणी सुरू होतात, "आता काऊन गोळी पायजे, चांगला तर हाये" असं कोणीतरी मामा म्हणते, गोळी सुटते. आणि गंमत अशी वाटते की सुटल्यावर पहिले काही आठवडे माणूस जास्तच ताजातवाना दिसते, कारण गुंगी उतरते. आजार कधी महिन्यानं, कधी सहा महिन्यांनी येते, तेव्हा लोक त्याचा संबंध गोळीशी लावतच नाहीत. पहिल्याच वेळी झालेला आजार असेल तर बरं झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं गोळी चालवतात, दोन-तीनदा उलटला असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. कमी करायची तर डॉक्टर महिने घेऊन करतात.

उलटायची खूण प्रत्येकाची वेगळी असते, ती वहीत लिहून ठेवा. भाऊजींची खूण म्हणजे आधी झोप मोडते, मग ते माठातलं पाणी पीत नाहीत, स्वतः हापशीवरून आणतात. एवढं दिसलं की आम्ही तारखेची वाट न बघता त्यांना घेऊन जातो.

भेटीला जाताना फाईल, रिकाम्या पट्ट्या, ही वही आणि शेवटची शुगर-रक्ताची रिपोर्ट घेऊन जा. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आहे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. त्याआधी आपल्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी विचारा, औषध तिथं मोफत मिळते, आणि विकत घ्यायचं तर जनऔषधीत स्वस्त पडते. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट लागते, मराठीत बोलतात. आजार जुना असेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी त्याच ओपीडीत विचारा, मानसिक आजार अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात बसतो आणि ते प्रमाणपत्र संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लागते.